काठ, पदर आणि अंग: फलटण परिसरातील वस्त्ररंगांच्या निवडीचा आढावा

अंगावरच्या वस्त्राचा रंग कोणी ठरवायचा, नेसणाऱ्याने, विणणाऱ्याने की समाजाने, हा प्रश्न वस्त्रपरंपरा असलेल्या प्रत्येक प्रदेशात केव्हा ना केव्हा उभा राहिलेला आहे. स्कॉटलंडमध्ये तो टार्टनच्या निमित्ताने गाजला. निरनिराळ्या रंगांचे उभे-आडवे पट्टे ठरावीक क्रमाने एकमेकांना छेदतील अशा रीतीने विणलेल्या लोकरी कापडाला टार्टन म्हणतात, आणि त्याच कापडाचे कमरेपासून गुडघ्यापर्यंत येणारे चुणीदार वस्त्र म्हणजे किल्ट. अमुक घराण्याने अमुक रंगांचेच टार्टन वापरावे, इतरांनी त्याला हात लावू नये, असा समज तेथे रूढ झाला, आणि त्यामुळे ज्याला केवळ रंग आवडला आहे अशा माणसाला ते कापड वापरण्याचा अधिकार आहे की नाही, हा वाद दीर्घकाळ चालू राहिला. फलटण, माण, खटाव, खानापूर, जत या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात चौकडीचे लुगडे, इरकल, खण, घोंगडी आणि फेटा यांच्या बाबतीत हाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या अस्तित्वात होता. मात्र येथे त्याची चर्चा वादाच्या स्वरूपात न होता दुकानाच्या गादीवर, मागाच्या खड्ड्याशी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या होकार-नकारात होत राहिली. या निवडीवर रंगद्रव्य, माग आणि रूढी या तीन गोष्टींचे नियंत्रण कसे राहिले आणि त्यांतून वैयक्तिक आवडीला किती वाव मिळाला, याचा आढावा येथे घ्यावयाचा आहे.

रंगद्रव्यांची मर्यादा

कृत्रिम रंग येण्यापूर्वी आवड ही उपलब्धतेच्या चौकटीतच राहत असे. निळ्यासाठी नीळ, तांबड्यासाठी आलाची मुळी किंवा मंजिष्ठ, पिवळ्यासाठी हळद आणि कुसुंबी छटेसाठी करडईच्या पाकळ्या, हा दख्खनच्या रंगाऱ्याचा मुख्य साठा होता. यांपैकी करडईचा फलटणशी असलेला संबंध विशेष आहे, कारण 1968 मध्ये बी. व्ही. निंबकर यांनी येथे स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईवर दीर्घकाळ संशोधन केले असून बिनकाट्यांचे वाण विकसित केले आहेत. काटेरी पिकातून पाकळ्या वेचणे हे हात रक्ताळणारे काम असते. बिनकाट्यांच्या वाणाने ते सुकर झाले.

करडईच्या पाकळीत दोन रंगद्रव्ये असतात. त्यांतले पिवळे पाण्यात सहज विरघळते, तर तांबडे, ज्याला कार्थामिन म्हणतात, साध्या पाण्यात विरघळत नाही; म्हणून पाकळ्या आधी पुनःपुन्हा धुऊन पिवळेपण काढून टाकायचे, मग क्षारयुक्त पाण्यात तांबडे द्रव्य उतरवायचे आणि शेवटी लिंबासारखे आंबट मिसळून ते सुतावर बसवायचे, अशी ही प्रक्रिया आहे. तिच्यातून मिळणारी गुलाबी ते गडद कुसुंबी छटा डोळ्यात भरणारी असली, तरी ती उन्हाने उडते आणि साबणासारख्या क्षारयुक्त पदार्थाने उतरते. दगडावर आपटून धुतल्या जाणाऱ्या रोजच्या लुगड्याला असा कच्चा रंग परवडत नाही. तो सणासुदीच्या, क्वचित धुतल्या जाणाऱ्या वस्त्रालाच शोभतो. याउलट निळीचा रंग पक्का असतो आणि त्यावर मातीचे डाग चटकन दिसत नाहीत. शेतात राबणाऱ्या स्त्रीच्या नेसूत गडद निळे आणि काळसर रंग का टिकून राहिले, याचे उत्तर रूढीत शोधण्याआधी या दोन गुणांत शोधले पाहिजे.

घोंगडीची गोष्ट याहून वेगळी आहे, कारण तिचा रंग रंगाऱ्याच्या भांड्यातून येत नसून थेट मेंढीच्या अंगावरून येतो. धनगरांच्या कळपातील दख्खनी मेंढीची लोकर काळी, राखाडी किंवा पांढरट असते. ती कातरून सूत काढायचे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि सनगरांनी ती मागावर विणायची, ही या भागातील जुनी श्रमविभागणी. येथे रंगाची निवड म्हणजे कोणत्या मेंढीची लोकर वेगळी राखायची याची निवड होय, आणि काठाला पांढरी रेघ घ्यायची की अंगभर काळेच ठेवायचे, एवढ्यापुरताच हौसेला वाव उरतो. जत तालुक्यातील माडग्याळी मेंढीसारख्या मांसासाठी नावाजलेल्या, लोकरीच्या दृष्टीने मात्र कमी उपयोगाच्या मेंढ्यांकडे मेंढपाळांचा ओढा वाढला, तसतशी काळ्या लोकरीची उपलब्धता घटत गेली. कळपात कोणती मेंढी राखायची हा निर्णय मांसाच्या बाजारभावाकडे पाहून घेतला जातो, परंतु त्याचा परिणाम घोंगडीच्या रंगावर होतो. वस्त्राचा रंग वस्त्राच्या क्षेत्राबाहेरही कसा ठरतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

1856 मध्ये विल्यम पर्किन याने पहिला कृत्रिम जांभळा रंग बनवला, 1869 मध्ये मंजिष्ठातील तांबडे द्रव्य कृत्रिमरीत्या तयार झाले आणि 1897 पासून कृत्रिम नीळ बाजारात आली. त्यानंतर कोणताही रंग कोणत्याही सुतावर, पुष्कळसा पक्का आणि स्वस्त मिळू लागला. निवडीची पहिली भिंत अशा रीतीने पडली. पण ती पडल्यावर उरलेल्या दोन भिंती अधिक ठळक दिसू लागल्या.

मागाची रचना आणि आवडीचा अधिकार

कोणाची आवड ग्राह्य धरली जावी, हे मागाच्या रचनेतच बऱ्याच अंशी ठरून जाते, ही बाब पोशाखाच्या चर्चेत सहसा दुर्लक्षित राहते. सातारा-सांगलीच्या घरोघरी जी इरकल दिसते ती कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्याच्या इळकल गावची. 2007 मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. या वस्त्राचे अंग, काठ आणि पदर असे तीन भाग असून अंग गडद निळे, डाळिंबी, हिरवे किंवा बारीक चौकडीचे असते, तर पदर तांबडा आणि त्यावर पांढऱ्या रंगात फणी, किल्ल्याची तटबंदी किंवा ज्वारीचे कणीस अशा आकृत्या असतात. अंग निळे असताना पदर निर्भेळ तांबडा कसा निघतो, हे समजण्यासाठी ताणा आणि बाणा यांचा संबंध पाहावा लागतो. मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा, आणि त्यांतून आडवे घातले जाणारे धागे म्हणजे बाणा. ताणा निळा आणि बाणा तांबडा असेल, तर कापड तांबडे न दिसता जांभळट दिसते. इळकलचे विणकर म्हणून अंगाचा ताणा जेथे संपतो तेथे त्याच्या प्रत्येक धाग्याच्या टोकाशी पदराच्या तांबड्या ताण्याचा धागा फास घालून अडकवतात. या जोडणीला टोपी-तेनी म्हणतात. पदर सुरू होताना उभे आणि आडवे दोन्ही धागे तांबडे होतात आणि रंग शुद्ध राहतो.

या तंत्राचा सामाजिक परिणाम मोठा आहे. धाग्याला धागा जोडण्याच्या या पद्धतीत ताणा एकेका वस्त्राच्या लांबीपुरताच तयार करावा लागतो. सहावार, आठवार किंवा नऊवार, जशी मागणी असेल तसा. त्यामुळे प्रत्येक वस्त्राच्या अंगाचा रंग निराळा ठेवता येतो आणि गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून विणणेही शक्य होते. पदराचा तांबडा रंग परंपरेचा आणि अंगाचा रंग नेसणारीचा, अशी वाटणीच जणू या वस्त्रात विणली गेली आहे. यंत्रमागावर चित्र पालटते. इचलकरंजीत 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे विट्यासारख्या गावांतही यंत्रमागाचा व्यवसाय वाढला. यंत्रमागाच्या रुळावर एकदा लांबच लांब ताणा भरला की त्यातून निघणाऱ्या सर्व साड्यांची उभी रंगसंगती ठरून जाते, आणि तो ताणा कोणत्या रंगाचा भरायचा हे व्यापारी गेल्या हंगामातल्या खपावरून ठरवतो. यंत्रमागाने कापड स्वस्त केले आणि गरिबाच्या घरी एकाऐवजी चार लुगडी आली, हा त्याचा निर्विवाद लाभ होय. परंतु दुकानात मांडलेल्या शंभर साड्यांतून एक उचलण्याचे स्वातंत्र्य आणि आपल्या मनातला रंग विणून घेण्याचे स्वातंत्र्य ही दोन वेगळी स्वातंत्र्ये आहेत, आणि पहिले वाढत असताना दुसरे आक्रसत गेले.

चौकडीच्या कापडात निवडीला आणखी एक पदर आहे. ताण्यात आणि बाण्यात तेच दोन रंग घेतले तर कापडावर तीन छटा दिसतात, कारण जेथे ते रंग एकमेकांना छेदतात तेथे मिश्र छटा तयार होते. तीन रंगांतून सहा छटा आणि सहा रंगांतून एकवीस छटा निघतात. त्यातही चौकडी बारीक असेल तर दहा पावलांवरून सगळे रंग एकमेकांत मिसळून एकच धूसर छटा उरते, आणि मोठी असेल तर प्रत्येक रंग सुटा दिसत राहतो. म्हणूनच चौकडीचे वस्त्र निवडताना एकेक रंग आवडतो की नाही एवढे पाहून भागत नाही; कापड हातात धरून, मग लांबून, आणि दुकानातील दिव्याऐवजी बाहेरच्या उन्हात पाहावे लागते. अनुभवी बायका कापडाचे टोक धरून दुकानाच्या पायरीवर जातात, त्यामागे हेच व्यवहारज्ञान आहे.

रूढीचे रंग

तिसरे नियंत्रण रूढीचे. नववधूचा हिरवा चुडा आणि हिरवे नेसू, लग्नात मामाकडून येणारी पिवळी साडी, देवीच्या ओटीतला खण, संक्रांतीची काळी चंद्रकळा अशी रंगांची वाटणी महाराष्ट्रभर परिचित आहे आणि फलटण तिला अपवाद नाही. तथापि या वाटणीकडे बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट लक्षात येते, ती ही की एकाच रंगाला एकाच गावात परस्परविरुद्ध अर्थ असू शकतात.

काळ्या रंगाचे उदाहरण घ्यावे. मंगलकार्यात काळे नको, असा दंडक अनेक घरांत आजही पाळला जातो. मात्र संक्रांतीला नव्या सुनेला काळीच साडी घेतली जाते आणि थंडीत ऊब देणारा रंग म्हणून तिचे कौतुक होते. धनगराच्या घरी काळी घोंगडी बसायला, पांघरायला आणि देवकार्यात अंथरायलाही लागते, आणि तेथे काळेपणात अशुभ असे काहीच नाही. फलटण हे चांगदेव राऊळ अर्थात श्रीचक्रपाणी यांचे जन्मस्थान म्हणून महानुभाव पंथाचे महत्त्वाचे क्षेत्र आहे, आणि त्या पंथाच्या संन्याशांच्या परंपरेत काळसर वस्त्रे ही वैराग्याची खूण मानली गेली. म्हणजे एकाच पेठेत एकाच दिवशी काळे वस्त्र वर्ज्य, हौसेचे, उपयोगाचे आणि पूज्य असे चारही असू शकते.

पांढऱ्याचेही तसेच आहे. आषाढी वारीत आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, तरडगाव करीत फलटणला मुक्कामी येते, तेव्हा वारकऱ्यांच्या शुभ्र पोशाखाने गाव भरून जाते. बौद्ध विवाहांत वधू-वर पांढरी वस्त्रे परिधान करतात आणि तेथे तो मांगल्याचा रंग असतो. अनेक जातींत मात्र पांढरे किंवा फिके नेसू विधवेच्या वाट्याला आले. तांबड्या रंगाला एरवी सौभाग्याचे स्थान, पण केशवपन झालेल्या ब्राह्मण विधवेला नेसावे लागणारे आलवण तांबड्याच रंगाचे होते. रंग स्वतः शुभ वा अशुभ असता, तर असे घडले नसते. अर्थ रंगात नसतो; तो रंग कोणाला सक्तीने नेसवला जातो आणि कोण तो स्वेच्छेने नेसतो, यावर अर्थ ठरतो.

विधवेच्या रंगबंदीचा विचार वेगळा करणे भाग आहे, कारण तेथे रूढी सौंदर्याची किंवा सोयीची राहत नाही, ती शिक्षा होते. सांगलीपासून फार दूर नसलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे यांसारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. हिरव्या बांगडीचा आणि तांबड्या कुंकवाचा हक्क हा या ठरावाचा गाभा होता. रंगाची आवड ही किरकोळ बाब आहे असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की एखाद्या माणसाचे सामाजिक अस्तित्व पुसायचे असते तेव्हा सर्वप्रथम त्याच्या अंगावरचा रंग काढून घेतला जातो.

टार्टनचा दाखला

रूढीचे नियम किती जुने असतात, याचा पडताळा घेण्यासाठी टार्टनचा इतिहास उपयोगी पडतो. 1746 मध्ये ब्रिटिश संसदेने स्कॉटलंडच्या डोंगरी भागातील पुरुषांच्या पारंपरिक पोशाखावर बंदी घातली आणि ती 1782 मध्ये उठली. बंदीपूर्वीच्या काळात घराण्यागणिक ठरलेले टार्टन असल्याचा भक्कम पुरावा नाही. अठराव्या शतकातील चित्रांत एकाच घराण्यातील माणसे निरनिराळ्या टार्टनमध्ये, किंबहुना एकाच माणसाच्या अंगावर दोन-तीन प्रकारची टार्टन दिसतात. जो रंगाऱ्याकडे मिळाला आणि मनाला भावला तो रंग, अशीच त्या काळची रीत दिसते. पुढे बॅनकबर्न येथील विल्सन यांच्या कारखान्याने नमुन्यांची पद्धतशीर नोंद ठेवली आणि त्यांतल्या अनेक नमुन्यांना गावांची वा घराण्यांची नावे देऊन ते विकले. 1815 मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने घराण्यांच्या प्रमुखांकडून त्यांच्या टार्टनचे नमुने मागवले, तेव्हा आपले टार्टन कोणते हे कित्येक प्रमुखांनाच ठाऊक नव्हते. 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला आणि वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या स्वागतसोहळ्यात सर्वांनी आपापल्या टार्टनमध्ये यावे असे ठरले, तेव्हा या कल्पनेला प्रतिष्ठा मिळाली. 1842 मध्ये प्रसिद्ध झालेला आणि प्राचीन हस्तलिखितावर आधारलेला म्हणवणारा टार्टनचा ग्रंथ पुढे बनावट ठरला, तरी त्यातील नमुने आजही आपुलकीने वापरले जातात. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी 1983 मधील आपल्या गाजलेल्या लेखात या सर्व घडामोडीला रचलेल्या परंपरेचे उदाहरण मानले.

सध्याची स्थिती अशी की 2009 पासून स्कॉटलंडमध्ये टार्टनची शासकीय नोंदवही आहे, तिच्यात कोणालाही नवा नमुना नोंदवता येतो, आणि राजघराण्यासाठी राखीव मानल्या जाणाऱ्या बालमोरलसारख्या मोजक्या टार्टनबाबतचा संकेत सोडल्यास, कोणी काय वापरावे याला बंधन नाही. एकाच नमुन्याच्या फिक्या, गडद आणि उन्हापावसाने विटल्यासारख्या दिसणाऱ्या आवृत्त्याही मिळतात; पट्ट्यांचा क्रम तोच राहतो, छटा मात्र वापरणाऱ्याच्या पसंतीची असते. परंपरेने रचना द्यावी आणि माणसाने तिच्यात आपली छटा भरावी, ही तडजोड इरकलच्या तांबड्या पदराशी आणि मनपसंत अंगाशी तंतोतंत जुळते.

नवरात्रातील नऊ रंगांची प्रथा ही मराठी समाजाने आपल्या डोळ्यांसमोर घडताना पाहिलेली अशीच परंपरा आहे. 2000 नंतरच्या वर्षांत मराठी वृत्तपत्रांनी दिवसागणिक रंग जाहीर करून वाचक स्त्रियांची छायाचित्रे छापण्यास सुरुवात केली आणि काही वर्षांतच शाळा, बँका, तहसील कार्यालये यांत त्या त्या दिवशी तोच रंग दिसू लागला. तिला शास्त्राधार नाही म्हणून तिची निंदा करण्याचे कारण नाही, कारण एकत्र नटण्याचा आनंद खरा असतो. मात्र त्या रंगाची साडी घरात नाही म्हणून एखादी स्त्री संकोचत असेल, तर हा दंडक किती अलीकडचा आहे हे तिला सांगणे आवश्यक ठरते.

निवडीची कसोटी

या आढाव्यातून निवडीसाठी काही निकष काढता येतात. पहिला निकष वस्तूचा: रंग पक्का की कच्चा, उन्हात कसा दिसतो, चौकडी बारीक की मोठी, कोणत्या कामाला आणि किती वेळा धुवायचे, हे पाहिल्याशिवाय केलेली निवड टिकत नाही. दुसरा निकष इतरांच्या भावनेचा: दुःखाच्या घरी, देवकार्यात किंवा एखाद्या पंथाच्या क्षेत्री तेथील रंगसंकेत पाळणे हे सौजन्य आहे, आणि त्यासाठी आपली आवड क्षणभर बाजूला ठेवल्याने स्वातंत्र्य कमी होत नाही. तिसरा निकष सक्तीचा: जो नियम एका व्यक्तीला रंग नाकारतो आणि तो नाकारण्याचे कारण तिचे वैधव्य, जात किंवा वय एवढेच असते, तो नियम जुना असो की नवा, पाळण्यायोग्य नाही. साठीच्या स्त्रीला अबोली किंवा मोरपंखी शोभत नाही असे म्हणणारा शेजार आणि पुरुषाने डाळिंबी सदरा घालू नये असे म्हणणारा मित्र हे दोघेही याच नियमाची सौम्य आवृत्ती पुढे चालवत असतात.

या तिन्ही निकषांच्या पलीकडे उरतो तो निखळ आवडीचा प्रदेश, आणि तो समजला जातो त्याहून पुष्कळ मोठा आहे. रंगद्रव्यांची मर्यादा दीडशे वर्षांपूर्वी ओसरू लागली. रूढीचे पुष्कळसे नियम वाटतात तितके प्राचीन नाहीत आणि शेजारच्या गल्लीत त्यांचा उलटा अर्थ असतो. खरी अडचण राहिली आहे ती मागाची, म्हणजे आपल्याला हवा तो रंग विणून देणारा कारागीर जवळ असण्याची. म्हणून वैयक्तिक आवडीचा पुरस्कार करायचा, तर तो दुकानातील विविधतेच्या कौतुकावर थांबून चालणार नाही. इळकलच्या हातमागावर आपल्या पसंतीचे अंग सांगून एक साडी विणून घेणे, सनगराकडून काळ्या लोकरीची घोंगडी योग्य दामाने विकत घेणे आणि त्यासाठी दख्खनी मेंढी कळपात राखणे मेंढपाळाला परवडेल अशी मागणी उभी करणे, ही या पुरस्काराची प्रत्यक्ष रूपे आहेत. नेसणाऱ्याची आवड विणणाऱ्यापर्यंत पोहोचते तेव्हाच ती खऱ्या अर्थाने निवड ठरते, आणि अशा निवडीने नेसणारा आणि विणणारा या दोघांचाही मान राखला जातो.